शिडाच्या नौकेवरील दोरांची निवड : स्वस्त दोर आणि विशेष दोर यांचा तौलनिक विचार

सारांश

शिडाच्या नौकेसाठी दोर विकत घेताना साधा, स्वस्त दोर घ्यावा की खास नौकानयनासाठी तयार केलेला महागडा दोर घ्यावा, हा प्रश्न नौकामालकास, नौकानयन मंडळास आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेस वारंवार पडतो. बहुधा तो किंमत आणि तुटण्याचा भार या दोनच निकषांवर सोडवला जातो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, निवडीचा पहिला निकष दोराचे काम हा असावा आणि त्या कामात दोराचे ताणले जाणे अपायकारक आहे की उपकारक आहे, हे आधी ठरवावे. एकाच नौकेवर काही ठिकाणी महाग दोर आवश्यक असतो, काही ठिकाणी तो निरुपयोगी ठरतो, तर काही ठिकाणी तो प्रत्यक्ष धोकादायक ठरतो. ही मांडणी पदार्थविज्ञानातील साध्या नियमांच्या आधारे आणि उदाहरणादाखल केलेल्या गणितांच्या साहाय्याने स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : शिडाची नौका, दोर, पॉलिएस्टर, नायलॉन, डायनीमा, स्थितिस्थापकता, तुटण्याचा भार.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन नियतकालिकात नौकेच्या दोरांचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. किनारपट्टीवरील अनेक महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागाचे विद्यार्थी शिडाच्या लहान नौका चालवण्यास शिकतात. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेऊन आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतर शिडाच्या नौकानयनाविषयीचे कुतूहल आपल्याकडे निश्चितच वाढले आहे. परंतु नौकेला लागणाऱ्या साहित्याची शास्त्रीय माहिती मराठीत फारशी उपलब्ध नाही.

या उणिवेचा परिणाम खरेदीत दिसतो. संस्थेच्या मागणीपत्रात 'दोर, १० मि.मी., १०० मीटर' एवढीच नोंद असते. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली जातात आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो. मागणीपत्रात धाग्याचा उल्लेख नसतो, बांधणीचा नसतो, कामाचाही नसतो. त्यामुळे मालवाहू ट्रकवरील ताडपत्री आवळण्याचा दोर आणि शीड उभारण्याचा दोर हे कागदावर एकच ठरतात. याच्या उलट टोकाला काही हौशी नौकामालक सर्वांत महाग दोर सर्वच ठिकाणी वापरतात आणि पैसे खर्च केले म्हणजे सुरक्षितता आपोआप आली, असे गृहीत धरतात. या दोन्ही प्रवृत्तींमागील चूक एकच आहे. दोराचा विचार त्याच्या कामापासून तोडून केला जातो.

महाग दोराविना मोठा प्रवास अशक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 'सुहेली' या नौकेतून १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच होत. ३२ फूट लांबीची ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. आज ज्यास विशेष दोर म्हणतात, तो उच्च-मापांक पॉलिएथिलीनचा दोर त्या काळी अस्तित्वातच नव्हता. अर्थात यावरून विशेष दोर व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. तो नेमका कोठे उपयुक्त आहे, हे पाहणे आवश्यक आहे, एवढाच याचा अर्थ.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

१) दोरासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख कृत्रिम धाग्यांचे गुणधर्म सांगणे.
२) नौकेवरील प्रमुख दोरांच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) कोणत्या कामासाठी स्वस्त दोर पुरेसा आहे आणि कोठे विशेष दोरावर खर्च करणे योग्य आहे, हे ठरवण्याचा निकष मांडणे.
४) संस्थांच्या खरेदीसाठी मागणीपत्राचे स्वरूप सुचवणे.

विवेचनासाठी सुमारे १० मीटर लांबीची, एका डोलकाठीची, प्रवासी वापराची नौका समोर ठेवली आहे. गणितांतील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरलेले असून प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी त्या त्या निर्मात्याचे माहितीपत्रक पाहणे इष्ट होय.

३. धागा आणि बांधणी

कृत्रिम धागे येण्यापूर्वी दोर काथ्या, ताग, अंबाडी, घायपात अशा वनस्पतिजन्य तंतूंचे असत. काथ्याची थोरवी आजही संपलेली नाही. २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्या प्राचीन पद्धतीप्रमाणे काथ्याच्या दोरीनेच शिवलेल्या आहेत. तथापि वनस्पतिजन्य दोर ओला राहिला की कुजतो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौकांवर कृत्रिम धाग्यांनी त्याची जागा घेतली.

अ) नायलॉन : ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या संशोधनातून १९३५ मध्ये हा धागा सिद्ध झाला. तो बळकट असून फार ताणला जातो. तुटण्याच्या भाराच्या २० टक्के भार दिला असता त्याची लांबी १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वाढते. ओला झाल्यावर त्याची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते. तो पाण्यात बुडतो.

आ) पॉलिएस्टर : १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी तो शोधला आणि 'टेरिलीन' या नावाने तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडील 'टेरिकॉट' कापडामुळे हा धागा घरोघरी परिचित आहे. तो नायलॉनपेक्षा कमी ताणला जातो, ओला झाल्याने दुबळा होत नाही आणि ऊन चांगले सोसतो. तोही पाण्यात बुडतो.

इ) पॉलिप्रॉपिलीन : हा सर्वांत स्वस्त व हलका धागा होय. त्याची घनता ०.९१ असल्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. मात्र अतिनील किरणांपुढे तो लवकर हार खातो, त्याचा वितळणांक सुमारे १६५ अंश सेल्सिअस एवढाच आहे आणि तो हाताला निसरडा व खरखरीत लागतो.

ई) उच्च-मापांक पॉलिएथिलीन : डायनीमा व स्पेक्ट्रा ही याची व्यापारी नावे. नेदरलँड्समध्ये स्मिथ व लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास जेलमधून धागा ओढण्याची पद्धत विकसित केली. तिच्या साहाय्याने पॉलिएथिलीनचे अतिदीर्घ रेणू एकाच दिशेने ताठ रचता येतात. वजनाच्या तुलनेत हा धागा पोलादापेक्षा अनेक पटींनी बळकट आहे. तुटण्याच्या भाराच्या २० टक्के भाराखाली यापासून विणलेल्या दोराची लांबी साधारण १ टक्का एवढीच वाढते. तो तरंगतो. परंतु त्याचा वितळणांक सुमारे १५० अंश सेल्सिअस आहे, तो अत्यंत गुळगुळीत आहे आणि दीर्घकाळ सतत भाराखाली ठेवल्यास त्याची लांबी हळूहळू कायमची वाढत जाते. या शेवटच्या दोषास विसर्पण म्हणता येईल.

बांधणीचाही विचार केला पाहिजे. तीन पेडी, पीळ दिलेला दोर हा सर्वांत जुना व स्वस्त प्रकार होय. तो सहज तपासता येतो व घरच्या घरी सांधता येतो. दुहेरी विणीच्या दोरात आतला गाभा व बाहेरचे आवरण अशा दोन वेगळ्या विणी असतात. विशेष दोरांत बहुधा गाभा डायनीमाचा व आवरण पॉलिएस्टरचे असते. गाभा भार वाहतो, तर आवरण ऊन, घर्षण आणि हाताची पकड सांभाळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'स्वस्त दोर' या एका शब्दात दोन अगदी भिन्न वस्तू दडलेल्या असतात. पहिली म्हणजे नामांकित निर्मात्याचा, धागा व तुटण्याचा भार नोंदवलेला साधा पॉलिएस्टर किंवा नायलॉन दोर. दुसरी म्हणजे वजनावर विकला जाणारा, कोणतीही नोंद नसलेला दोर. पुढील विवेचनात स्वस्त दोराची जी बाजू घेतली आहे, ती पहिल्या वस्तूची आहे. दुसऱ्या वस्तूविषयी आपणास काहीच ठाऊक नसते, हाच तिचा मुख्य दोष होय.

४. तुटण्याचा भार : एक फसवा निकष

दोर घेताना बहुतेक जण 'हा किती वजन पेलतो' असे विचारतात. हा प्रश्न गैर नाही, पण नौकेवर तो क्वचितच निर्णायक ठरतो. शिडाचा मोकळा कोपरा आवळणाऱ्या वा सैल सोडणाऱ्या दोरास नौकानयनात शीट म्हणतात. या शब्दाचा कापडी शिडाशी घोटाळा होऊ देऊ नये. पुढील शिडाच्या शीटवर येणारा भार काढण्याचा एक रूढ ठोकताळा असा : शिडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्यास वाऱ्याच्या नॉटमधील वेगाच्या वर्गाने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ०.०२१ ने गुणावे. उत्तर किलोग्रॅम-भारात मिळते.

शिडाचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर व वारा २० नॉट असेल, तर ३० × ४०० × ०.०२१ म्हणजे सुमारे २५२ किलोग्रॅम-भार येतो. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वारा दुप्पट झाला की भार चौपट होतो, हेही येथे ध्यानात घ्यावे. आता १२ मि.मी. जाडीच्या साध्या पॉलिएस्टर दोराचा तुटण्याचा भार साधारणपणे ३,००० किलोग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे गरजेच्या दहापटीहून अधिक ताकद साध्या दोरातच उपलब्ध आहे. नेहमीच्या भाराच्या पाचपट ताकद असावी, हा प्रचलित दंडकही येथे सहज पाळला जातो.

मग शीट १२ मि.मी. जाडीची का घेतात? कारण ती हातांनी ओढायची असते. ६ मि.मी. जाडीचा डायनीमा दोर हा भार आरामात पेलेल, परंतु भिजल्या हातांनी तो धरणे अशक्यप्राय होईल आणि तो हातातून सुटला तर तळव्याची कातडी सोलून नेईल. यास्तव शीटसाठी मऊ आवरणाचा, दुहेरी विणीचा साधा पॉलिएस्टर दोर हाच सामान्यतः उत्तम होय. शीटची भाराखालील लांबी तुलनेने कमी असते व ती नाविकाच्या हाताशीच असते. ती थोडी ताणली गेल्यास तत्काळ आवळता येते. येथे महाग दोराने होणारा लाभ प्रवासी नौकेस जाणवणारही नाही.

५. जेथे ताण अपायकारक ठरतो : शीड चढवणारा दोर

शीड डोलकाठीवर चढवून तेथे ताणून धरणाऱ्या दोरास हॅलियार्ड म्हणतात. त्याचे काम शीटपेक्षा मूलतः वेगळे आहे. तो एकदा आवळला की तासन् तास तसाच राहावा लागतो आणि त्याची भाराखालील लांबी मोठी असते. दोराचे ताणले जाणे त्याच्या लांबीच्या समप्रमाणात असते, हे हूकच्या नियमावरून आपण जाणतोच.

समजा, डोलकाठी १२ मीटर उंच आहे आणि दोर तिच्या पायथ्यापासून ३ मीटर मागे, सुकाणूजवळच्या विंचपर्यंत नेलेला आहे. भाराखालील लांबी १५ मीटर झाली. वाऱ्याची झुळूक जाऊन झोत आला आणि दोरावरील भार १५० किलोग्रॅमने वाढला, असे मानू.

१० मि.मी. जाडीच्या साध्या पॉलिएस्टर दोराचा तुटण्याचा भार २,००० किलोग्रॅम धरल्यास ही वाढ ७.५ टक्के होते. २० टक्के भाराला ३.५ टक्के ताण या प्रमाणात दोराची लांबी सुमारे १.३ टक्के, म्हणजे जवळजवळ २० सेंटिमीटर वाढेल. याउलट ८ मि.मी. जाडीच्या, डायनीमा गाभ्याच्या व ३,००० किलोग्रॅमला तुटणाऱ्या दोरात भाराची वाढ ५ टक्के, ताण ०.२५ टक्के व लांबीतील वाढ सुमारे ४ सेंटिमीटर होईल. दोर अधिक बारीक असूनही त्याचे ताणले जाणे एक-पंचमांश झाले.

सुरुवातीला दोर विंचने घट्ट आवळून घेता येतोच, मग या २० सेंटिमीटरचे महत्त्व काय, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आवळताना जो ताण निघून जातो तो शांत वाऱ्यातला असतो. वर काढलेली वाढ ही झोत आल्यावरची आहे. म्हणजे शीड सर्वाधिक सपाट व घट्ट असण्याची गरज ज्या क्षणी असते, नेमक्या त्याच क्षणी दोर ते सैल करतो. शिडाची पुढची कड ढिली पडते, त्याचा फुगवटा वाढून मागे सरकतो. परिणामी पुढे ढकलणारे बल घटते आणि नौकेस कलंडवणारे बल वाढते. नौका अधिक झुकते, सुकाणू जड होते आणि वाऱ्याच्या दिशेकडे चढण्याची तिची क्षमता कमी होते.

हा केवळ शर्यतीतील वेगाचा प्रश्न नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर नौकानयनाच्या हंगामात दुपारनंतर वायव्येकडून समुद्रवारा वाहतो. तो नौकेस किनाऱ्याकडे लोटतो. अशा वेळी खडकाळ किनाऱ्यापासून दूर निघायचे तर वाऱ्याच्या तोंडाशी जास्तीत जास्त चढता आले पाहिजे. इंजिन बंद पडलेले असेल तर दुसरा उपायच उरत नाही. अशा प्रसंगी घट्ट, सपाट शीड ही सुखसोय न राहता सुरक्षिततेची गरज बनते. म्हणून मर्यादित पैशातून एकच विशेष दोर घ्यावयाचा असेल, तर तो मुख्य शिडाच्या हॅलियार्डसाठी घ्यावा, असे येथे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

डायनीमा गाभ्याचा दोर साध्या पॉलिएस्टरपेक्षा दुपटीहून अधिक, अनेकदा तिपटीने महाग पडतो. बारीक जाडी घेऊन यातील काही खर्च वाचतो. मात्र दोर अडकवून धरणाऱ्या क्लचच्या जबड्यास ती जाडी मानवते का, हे आधी तपासावे. अन्यथा मजबूत दोर क्लचमधून सरकत राहील व केलेला खर्च वाया जाईल. तसेच प्रवास संपल्यावर हॅलियार्ड सैल सोडावा. तो कायम ताणलेला ठेवल्यास विसर्पणास निमंत्रण मिळते. ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी निर्मितीच्या वेळीच ताणून घेतलेला पॉलिएस्टर दोर हा मधला मार्ग उपलब्ध आहे.

लहान प्रशिक्षण नौकांचे गणित निराळे आहे. त्यांची डोलकाठी जेमतेम ६ मीटरची व शीड लहान असते. भाराखालील लांबी आणि भार हे दोन्ही घटक कमी झाल्यामुळे चांगल्या पॉलिएस्टर दोरावर त्यांचे काम बहुधा भागते.

६. जेथे ताण उपकारक ठरतो : नांगराचा व धक्क्याला बांधण्याचा दोर

आता याच्या अगदी उलट उदाहरण पाहू. धक्क्याला बांधलेली ५,००० किलोग्रॅम वस्तुमानाची नौका लाटेमुळे सेकंदाला १ मीटर वेगाने मागे सरली. तिची गतिज ऊर्जा ½ × ५,००० × १² म्हणजे २,५०० जूल झाली. ही सर्व ऊर्जा दोराने ताणले जाऊन शोषून घ्यायची आहे. १० मीटर लांबीचा नायलॉन दोर ८० सेंटिमीटर ताणला जाऊन नौकेस थांबवतो असे मानल्यास कमाल बल सुमारे ६,२५० न्यूटन, म्हणजे साधारण ६४० किलोग्रॅम-भार येते. १४ मि.मी. नायलॉन दोर व नीट बसवलेला खुंटा हा भार सहज पेलतात.

त्याच जाडीचा डायनीमा दोर वापरला तर? ऊर्जा तीच राहते, पण दोराचा ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. कमाल बल हे ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दोर ३६ पट ताठ असेल तर बल ६ पट, म्हणजे सुमारे ३,८०० किलोग्रॅम-भार होईल. डायनीमा दोर यानेही तुटणार नाही. पण त्याच्या टोकाला जे बांधले आहे ते तुटेल.

प्रस्तुत लेखकाने हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. एका नौकानयन मंडळातील नौकेचा जुना नायलॉन दोर झिजल्यामुळे तिच्या मालकाने शिल्लक राहिलेला महागडा हॅलियार्डचा दोर धक्क्याला बांधण्यासाठी वापरला. साध्या दोरापेक्षा हा भक्कमच, असा त्यांचा हिशेब होता. मे महिन्याच्या अखेरीस समुद्राला उधाण आले, रात्रभर नौका धक्के खात राहिली. सकाळी दोर शाबूत होता. खुंटा मात्र खालच्या डेकच्या तुकड्यासह उखडून दोराच्या टोकाला लोंबत होता. सुदैवाने दुसरा दोर नायलॉनचा होता, म्हणून नौका वाचली.

यावरून सिद्ध होते की नांगर व धक्क्याच्या दोरांसाठी तीन पेडी नायलॉन दोर हा नाइलाज म्हणून पत्करायचा पर्याय नसून शास्त्रीयदृष्ट्या योग्य पर्याय आहे. येथे बचत आणि सुरक्षितता एकाच बाजूला उभ्या आहेत. फक्त दोर जेथे धक्क्याच्या कडेवर किंवा नौकेच्या काठावर घासतो, तेथे जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा किंवा जाड कापड गुंडाळावे.

७. इतर दोर

उर्वरित दोरांचा विचार थोडक्यात करता येईल. शिडाचा आकार साधणाऱ्या, कप्प्यांमधून फिरणाऱ्या लहान दोरांना साधा पॉलिएस्टर पुरतो. क्वचित जेथे भार मोठा व जागा अरुंद असते, तेथे बारीक डायनीमा सोयीचा ठरतो. मागे बांधून ओढत न्यायच्या छोट्या होडीचा दोर आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकायचा दोर तरंगणारा असावा. तो बुडाला तर स्वतःच्याच पंख्यात अडकण्याचा धोका असतो. येथे स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा हलकेपणा हाच गुण ठरतो. मात्र तो उन्हात पडून राहू देऊ नये व ठरावीक काळाने बदलावा.

एका बाबतीत मात्र किंमत पाहूच नये. माणूस ज्या दोरावर डोलकाठीवर चढतो किंवा ज्याने स्वतःस नौकेशी बांधून घेतो, तो दोर माहीत असलेल्या निर्मात्याचा, नोंद असलेला व निर्दोष स्थितीतला असला पाहिजे. डोलकाठीवर चढताना दुसरा स्वतंत्र दोर आधारास असणे अनिवार्य समजावे.

८. गाठ, घर्षण आणि आयुष्य

कागदावरील ताकद गाठ मारताच घटते. गाठीतील तीव्र वळणामुळे बाहेरच्या बाजूचे धागे अधिक भार घेतात व आधी तुटतात. पॉलिएस्टर दोरात नेहमीच्या गाठीने साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक ताकद गमवावी लागते. डायनीमाचा तोटा याहून मोठा असतो, शिवाय गुळगुळीतपणामुळे गाठ सरकून सुटण्याचीही भीती असते. त्यामुळे डायनीमा दोराला गाठीऐवजी सांधा विणावा. आवरणविरहित डायनीमा दोरात त्याचे टोक त्याच्याच पोटात जाडीच्या ६० ते ७२ पट लांबीपर्यंत ओवले जाते. ८ मि.मी. दोरासाठी ही लांबी सुमारे अर्धा मीटर होते. ही कला ज्यास येत नाही व शिकायचीही नाही, त्याने महाग दोर घेऊन त्याला गाठी मारण्यात पैसा वाया घालवू नये.

घर्षणासमोर स्वस्त व महाग दोर जवळपास समान असतात. कप्पीची कड धारदार असेल तर ती दोन्हींची आवरणे कापते. म्हणून नवा दोर ओवण्यापूर्वी कप्पीवरून बोट फिरवून पाहावे. हॅलियार्ड थोडा लांब घ्यावा. दरवर्षी झिजलेल्या टोकाचा अर्धा मीटर कापला की कप्पीवर टेकणारा भाग बदलतो. शीट उलटी करून दोन्ही टोके आळीपाळीने वापरावी. हंगामाच्या शेवटी दोर गोड्या पाण्यात भिजवून, मीठ काढून, सावलीत वाळवावेत. एवढ्या निगेने साधा दोरही अनेक वर्षे सेवा देतो.

९. मागणीपत्र आणि ओळख

महाराष्ट्रात मासेमारीच्या दोर-जाळ्यांचा मोठा उद्योग आहे. त्यामुळे नोंद असलेला चांगला नायलॉन वा पॉलिएस्टर दोर आपल्याकडे दुर्मीळ नाही. अडचण मागणी नीट न लिहिण्यात आहे. संस्थांच्या मागणीपत्रात पुढील बाबी असाव्यात : दोराचे काम, धागा, बांधणी, जाडी, निर्मात्याने नोंदवलेला तुटण्याचा भार, २० टक्के भाराखालील ताण, आणि लांबी. या बाबी लिहिल्यानंतर सर्वांत कमी दर मंजूर करण्यास हरकत नाही, कारण मग समान वस्तूंचीच तुलना होईल.

पुरवठा झालेल्या दोराची प्राथमिक तपासणी साध्या उपायांनी करता येते. दोराचा छोटा तुकडा पाण्यात भिजवून, आतली हवा पिळून काढून सोडावा. पॉलिएस्टर व नायलॉन बुडतात, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो. पॉलिएस्टर म्हणून आलेला दोर तरंगू लागला, तर खुलासा मागवावा. जाळून पाहण्याचा उपायही उपयोगी आहे. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वनस्पतिजन्य दोरास लागू पडते. कृत्रिम धागा ज्योतीजवळ नेताच वितळून त्याचा मणी बनतो, पिळाचा मागमूसही उरत नाही. पॉलिप्रॉपिलीनला जळत्या मेणबत्तीसारखा वास येतो, तर पॉलिएस्टर काजळीदार धूर सोडतो. ही तपासणी उघड्यावर व चिमट्यात धरूनच करावी.

१०. निष्कर्ष

१) 'स्वस्त की महाग' हा प्रश्न संपूर्ण नौकेसाठी एकदाच विचारणे चुकीचे आहे. तो प्रत्येक दोरासाठी स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.
२) प्रवासी नौकेवर तुटण्याचा भार सहसा निर्णायक नसतो. दोराचे ताणले जाणे निर्णायक असते.
३) हॅलियार्डमध्ये ताण अपायकारक असल्याने विशेष दोरावरील खर्च तेथे सर्वाधिक फलदायी ठरतो.
४) नांगर व धक्क्याच्या दोरांत ताण उपकारक असल्याने तेथे नायलॉनच योग्य होय. तेथे महाग, ताठ दोर वापरणे धोक्याचे आहे.
५) शीट व इतर बहुतेक दोरांसाठी नोंद असलेला साधा पॉलिएस्टर दोर पुरेसा आहे.
६) नोंद नसलेला दोर भार वाहण्यासाठी किंवा माणसाच्या सुरक्षेसाठी कितीही स्वस्त मिळाला तरी वापरू नये.

समुद्रावर जाणारे विद्यार्थी मागणीपत्र लिहीत नाहीत व दरपत्रकेही उघडत नाहीत. ते केवळ हाती दिलेल्या दोरावर विश्वास ठेवतात. त्या दोराचे नाव, धागा आणि काम मागणीपत्रात नीट लिहिण्यास एखादी जादा ओळ पुरते. ती ओळ लिहिली जावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.